सेमी इंग्रजीच्या वर्गात गणित आणि इंग्रजी एकत्र कसे शिकवावे

मराठवाड्यातील जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित मराठी शाळांमध्ये सेमी इंग्रजीचे वर्ग आता सर्वत्र दिसतात. माध्यम मराठीच ठेवायचे आणि गणित व विज्ञान हे विषय मात्र इंग्रजीतून शिकवायचे, अशी ही रचना आहे. पालकांची मागणी असते, पट टिकवायचा असतो, म्हणून वर्ग सुरू होतो आणि इंग्रजी पुस्तकेही येतात. परंतु गणिताच्या तासाला इंग्रजी नेमकी कशी शिकवायची, हे शिक्षकाला स्वतःच शोधावे लागते. मग बहुतेक ठिकाणी एकच वाट धरली जाते. 'बेरीज'ऐवजी 'ॲडिशन', 'अपूर्णांक'ऐवजी 'फ्रॅक्शन' असे शब्द बदलले जातात आणि बाकीचे सगळे बोलणे मराठीतच चालते. वर्षअखेरीस मुलाला 'डिनॉमिनेटर' म्हणजे छेद हे पाठ असते, पण दोन ओळींचे शाब्दिक उदाहरण समोर आले की ते अडते आणि विचारते, "सर, यात बेरीज करायची का वजाबाकी?"

ही अडचण मुलाच्या बुद्धीची नाही आणि बहुतेक वेळा गणिताचीही नाही. गणिताचा खरा अर्थ ज्या शब्दांत भरलेला असतो, ते 'दॅन', 'फ्रॉम', 'बाय', 'ईच', 'लेफ्ट' यांसारखे लहान शब्द आणि त्यांनी बांधलेली वाक्ये त्याला कोणी शिकवलेलीच नसतात. गणित आणि इंग्रजी एकत्र शिकवणे म्हणजे ही वाक्ये आखून, ठरवून, मुलाच्या तोंडी आणणे होय. ते कसे करावे, हे या लेखात सांगितले आहे. इंग्रजी वाक्ये येथे उच्चार कळावेत म्हणून नागरीत दिली आहेत. फळ्यावर ती अर्थातच रोमन लिपीत लिहावीत.

आधी संबोध, मग इंग्रजी

कोणताही नवा संबोध मुलाला ज्या भाषेत विचार करता येतो त्या भाषेतच प्रथम द्यावा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत आणि शक्यतो आठवीपर्यंत मातृभाषा किंवा घरची भाषा हे माध्यम असावे असे म्हटले आहे, आणि त्याच धोरणात गणित व विज्ञानासाठी द्विभाषिक पुस्तके तयार करण्याचाही आग्रह आहे. या दोन्ही गोष्टी परस्परविरोधी नाहीत. संबोध घरच्या भाषेत पक्का झाला की त्याच संबोधासाठी इंग्रजी वाक्य शिकणे मुलाला सोपे जाते, कारण त्या वेळी त्याला फक्त भाषा नवी असते. गणित आणि भाषा दोन्ही एकाच वेळी नव्या असतील, तर मूल दोन्हीकडे मुकते.

मराठवाड्यात 'घरची भाषा' म्हणजे मराठीच, असे मात्र गृहीत धरू नये. तांड्यावरून येणाऱ्या मुलांची घरची भाषा गोरमाटी असते. शहरांतून आणि मोठ्या गावांतून उर्दू बोलणारी मुले असतात. देगलूर, बिलोलीकडे तेलुगू आणि उदगीर, उमरग्याकडे कन्नड कानावर पडते. अशा मुलासाठी मराठी ही दुसरी आणि इंग्रजी ही तिसरी भाषा असते. वर्गात त्या भाषेचे दुसरे मूल असेल, तर दोघांना शेजारी बसवून आपापसांत हवे त्या भाषेत बोलू द्यावे. गणिताची भाषा बदलणे या भागाला नवे नाही. निजामाच्या राज्यात सरकारी शिक्षण उर्दूतून होते; १९१८ मध्ये हैदराबादेत स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात गणितासह सर्व विषय उर्दूतून शिकवले जात आणि इंग्रजी हा एक सक्तीचा विषय असे. आपण रोजच्या हिशेबात वापरतो ते 'जमा', 'वजा', 'बाकी' हे शब्दही फारसी-अरबीतूनच मराठीत आलेले आहेत.

संबोध मराठीत द्यायचा याचा अर्थ प्रत्येक इंग्रजी वाक्यामागे लगेच त्याचे मराठी भाषांतर म्हणायचे, असा नाही. ही सवय फार पसरलेली आहे आणि ती मोडायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. शिक्षक इंग्रजी वाक्य बोलतात आणि पुढच्याच क्षणी त्याचे मराठी सांगतात, तेव्हा मूल इंग्रजी ऐकणेच सोडून देते, कारण अर्थ मागून येणारच आहे हे त्याला ठाऊक असते. त्यापेक्षा तासिकेचे भाग पाडावेत. पहिली दहा-पंधरा मिनिटे वस्तू हाताळत मराठीत बोलणे व्हावे. त्यानंतर त्याच वस्तूंवर, त्याच उदाहरणावर, मोजकी इंग्रजी वाक्ये यावीत आणि त्या वेळात भाषांतर करू नये. वस्तू समोर असल्यामुळे अर्थ दिसतच असतो. फळ्याच्या उजव्या कडेला एक पट्टी आखून तेथे 'आजची वाक्ये' लिहावीत. ती चार-पाचच असावीत आणि तास संपेपर्यंत पुसू नयेत.

शब्दांच्या तीन जाती

पाठ शिकवण्याआधी पुस्तकातील त्या पाठाची पाने वाचून इंग्रजी शब्द तीन गटांत वेगळे काढावेत. पहिला गट पारिभाषिक शब्दांचा: 'न्यूमरेटर', 'पेरिमीटर', 'पर्सेंटेज'. हे शब्द लांब असले तरी सोपे असतात, कारण त्यांचा एकच अर्थ असतो आणि त्याला मराठी प्रतिशब्द तयार असतो. त्यांच्यावर फार वेळ घालवू नये.

दुसरा गट रोजच्या इंग्रजीतील, पण गणितात वेगळा अर्थ घेणाऱ्या शब्दांचा. 'टेबल' म्हणजे मुलाला शिक्षकांसमोरचे मेज माहीत असते, गणितात ते पाढा किंवा तक्ता होते. 'राइट अँगल' ऐकल्यावर 'राइट' म्हणजे बरोबर किंवा उजवा, एवढेच त्याला आठवते. 'डिफरन्स बिटवीन नाइन अँड सिक्स' विचारले, तर नऊ विषम आणि सहा सम असे उत्तर एखादे हुशार मूल देते, आणि रोजच्या भाषेच्या हिशेबाने ते चुकीचे नसते. 'ऑड', 'मीन', 'प्रॉडक्ट', 'व्हॉल्यूम', 'पॉवर', 'रूट', 'फेस' ही याच गटातील नावे. गणिताची स्वतःची अशी वेगळी भाषिक शैली असते, ही गोष्ट भाषाशास्त्रज्ञ मायकेल हॅलिडे यांनी १९७४ मध्ये नैरोबी येथील युनेस्कोच्या परिषदेत मांडली होती आणि तेव्हापासून गणितशिक्षणात ती मान्य झाली आहे. या शब्दांसाठी मुलांच्या वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने करून घ्यावेत: घरी किंवा रस्त्यावर या शब्दाचा अर्थ काय आणि गणिताच्या तासाला काय.

तिसरा गट लहान शब्दांचा, आणि सगळी मेहनत येथे घ्यायची आहे.

'फ्रॉम' घ्या. मराठीत आपण 'बारातून पाच वजा करा' म्हणतो. बारा आधी येतात, पाच नंतर, आणि मांडणीही त्याच क्रमाने होते. इंग्रजीत 'सबट्रॅक्ट फाइव्ह फ्रॉम ट्वेल्व्ह' असे असते. पाच आधी ऐकू येतात, म्हणून मूल पाच आधी लिहिते आणि त्यातून बारा वजा करू पाहते. पुढे बीजगणितात 'फाइव्ह लेस दॅन एक्स' हे 'पाच वजा क्ष' असे लिहिले जाते, त्याचे मूळही येथेच आहे. म्हणून 'फ्रॉम' आला की त्याच्या पुढची संख्या आधी मांडायची, ही गोष्ट हातांनी करून दाखवावी: बारा खडे मांडावेत, त्यांच्याकडे बोट करून 'फ्रॉम ट्वेल्व्ह' म्हणावे आणि मग पाच उचलावेत.

'बाय' हा त्याहून अवघड आहे, कारण तो सगळीकडे येतो. 'ट्वेंटी डिव्हायडेड बाय फोर' यात भागाकार आहे, 'मल्टिप्लाय बाय फोर' यात गुणाकार आहे, 'इन्क्रीज बाय फोर' यात बेरीज आहे, 'अ रूम ट्वेल्व्ह बाय टेन' यात लांबी-रुंदी आहे आणि आपल्याकडे 'थ्री बाय फोर' म्हणजे अपूर्णांकही आहे. 'बाय म्हणजे भागिले' असे एकदा पाठ करून दिले की बाकी चारही ठिकाणी मूल फसते. 'बाय'चा अर्थ त्याच्या आधीच्या क्रियापदावरून ठरतो, म्हणून तो सुटा न शिकवता 'मल्टिप्लाय बाय', 'डिव्हाइड बाय', 'इन्क्रीज बाय' अशा जोड्यांनीच शिकवावा.

'इंटू'बद्दलही सावध राहावे. आपल्याकडे 'फाइव्ह इंटू थ्री' म्हणजे पाच गुणिले तीन, हे इतके रुळले आहे की ते बदलण्याचा हट्ट धरू नये. पण इंग्रजीत 'डिव्हाइड ट्वेंटी इंटू फोर ग्रुप्स' असेही वाक्य येते आणि तेथे वाटणी आहे, गुणाकार नाही. दोन्ही वाक्ये शेजारी शेजारी लिहून एकदा स्पष्ट करून द्यावीत. अपूर्णांकात 'ऑफ' हा शब्द गुणाकार सांगतो: 'हाफ ऑफ ट्वेंटी' म्हणजे विसाचा अर्धा. 'ईच' म्हणजे प्रत्येकी. हा शब्द सुटला तर गुणाकाराच्या उदाहरणात मूल दोन संख्यांची बेरीज करून मोकळे होते.

संख्या ऐकणे आणि म्हणणे

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस' ही संख्या 'वीस सात' अशीही वाचण्याची पद्धत आली आणि राज्यभर वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्यामागची भूमिका वेळोवेळी समजावून सांगितली होती. त्या वादाच्या दोन्ही बाजू बाजूला ठेवल्या, तरी त्यामागची अडचण खरी आहे, हे पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. मराठीत एकक आधी बोलला जातो आणि दशक नंतर, लिहिताना मात्र दशक आधी येतो. त्यामुळे 'सत्तावीस' ऐकून मूल ७२ लिहिते. इंग्रजीत 'ट्वेंटी सेव्हन' म्हणताना बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम एकच असतो. ही इंग्रजीची मदत सेमीच्या शिक्षकाने आवर्जून घ्यावी. संख्येचे श्रुतलेखन दोन्ही भाषांत घ्यावे: आधी 'ट्वेंटी सेव्हन', मग 'सत्तावीस', आणि दोन्ही वेळा दशकाच्या काड्यांचा गठ्ठा व सुट्या काड्या समोर ठेवाव्यात. एकोणतीस, एकोणचाळीस यांना विशेष वेळ द्यावा, कारण तेथे मराठी पुढच्या दशकाचे नाव घेते आणि इंग्रजी मागच्या.

इंग्रजीची स्वतःची अडचण तेरा ते एकोणीस या संख्यांत आहे. 'थर्टीन' आणि 'थर्टी', 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' मुलांना सारखेच ऐकू येतात. 'थर्टीन'मध्ये शेवटचे 'टीन' लांब आणि जोर देऊन म्हणायचे असते, 'थर्टी'मध्ये जोर सुरुवातीवर असतो. दोन-दोन पत्ते हातात देऊन शिक्षकांनी म्हटलेली संख्या उचलून दाखवायला सांगावी. पाच मिनिटांचा हा खेळ आठवडाभर घेतला की पुढे किमतीची आणि वेळेची उदाहरणे सोपी जातात.

दशांश अपूर्णांकात मराठीची एक वाईट सवय इंग्रजीमुळे सुटू शकते. ३.१४ हे आपण बोलण्यात 'तीन पॉइंट चौदा' म्हणतो आणि मग ३.१४ हे ३.९ पेक्षा मोठे आहे असे मुलांना वाटते. इंग्रजीत ते 'थ्री पॉइंट वन फोर' असेच म्हणायचे, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच ही मराठीची संपत्ती मात्र जपावी. 'पावणेचार' आणि 'क्वार्टर टू फोर' यांची घडण एकच आहे, दोन्हींत चाराला पाव कमी. 'सव्वाचार' आणि 'क्वार्टर पास्ट फोर' यांचेही तसेच. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी घरी आजोबांना येत असेल, तर ती वर्गात म्हणायला त्यांना बोलवावे. ज्या मुलाला दिडकी येते त्याला 'वन अँड अ हाफ टाइम्स' समजावून सांगावे लागत नाही.

एक तासिका जवळून

चौथीच्या वर्गात तुलनेची वजाबाकी घ्यायची आहे असे समजू. साहित्य म्हणून चिंचोके पुरतात. सनाला बारा आणि राधाला सात चिंचोके द्यावेत. दोघींनी ते फरशीवर समोरासमोर दोन ओळींत, एकाला एक जुळवून मांडावेत. सनाच्या ओळीत पाच चिंचोके जोडीविना उरलेले सगळ्या वर्गाला दिसतात. येथपर्यंतचे सगळे बोलणे मराठीत: कोणाकडे जास्त, किती जास्त, कोणाकडे किती कमी, आणि ते कसे कळले.

आता त्याच दोन ओळींकडे बोट करत शिक्षकांनी सावकाश म्हणावे: "सना हॅज ट्वेल्व्ह. राधा हॅज सेव्हन. सना हॅज फाइव्ह मोर दॅन राधा." शेवटच्या वाक्यात 'फाइव्ह मोर' म्हणताना जोडीविना उरलेल्या पाच चिंचोक्यांवर हात फिरवावा. मग उलट वाक्य: "राधा हॅज फाइव्ह फ्यूअर दॅन सना." फळ्याच्या पट्टीत वाक्याचा साचा लिहावा, संख्या आणि नावांच्या जागा मोकळ्या ठेवून. मुलांनी तो आधी सगळ्यांनी मिळून म्हणावा, नंतर शेजाऱ्याला म्हणून दाखवावा आणि शेवटी एकेकट्याने म्हणावा. हा क्रम महत्त्वाचा आहे. लाजाळू मुलाला शेजाऱ्यापाशी एकदा बोलता आले की वर्गासमोर बोलण्याची त्याची भीती निम्मी होते.

त्यानंतर सनाची ओळ वहीने झाकावी आणि सांगावे: "राधा हॅज सेव्हन. सना हॅज फाइव्ह मोर दॅन राधा. हाऊ मेनी डझ सना हॅव?" मुले बेरीज करून बारा सांगतील. आता राधाची ओळ झाकावी: "सना हॅज ट्वेल्व्ह. शी हॅज फाइव्ह मोर दॅन राधा. हाऊ मेनी डझ राधा हॅव?" येथे बरीच मुले सतरा म्हणतील, कारण 'मोर' ऐकला की बेरीज करायची, असे त्यांनी मनाशी धरलेले असते. वही उचलून ओळी दाखवाव्यात. सतरा चिंचोके राधाकडे असतील, तर सनाकडे तिच्याहून जास्त कसे असतील, हे मुलांनाच विचारावे आणि हा वाद मराठीत मनसोक्त होऊ द्यावा.

'मोर म्हणजे बेरीज, लेफ्ट म्हणजे वजाबाकी, ईच म्हणजे गुणाकार' अशी खुणेच्या शब्दांची यादी अनेक वर्गांच्या भिंतींवर लावलेली असते. ती काढून टाकावी, असे मी आग्रहाने सांगेन. शिष्यवृत्तीच्या परीक्षेत आणि पुढे सगळीकडेच ही यादी मुलाला फसवते, आणि वाक्य पूर्ण न वाचता त्यातून एक शब्द उचलण्याची सवय लावते. त्या भिंतीवर मुलांनी स्वतः बोललेली पूर्ण वाक्ये, चित्रासह, लावावीत.

शाब्दिक उदाहरण वाचण्याची रीत

ऑस्ट्रेलियातील शिक्षणतज्ज्ञ ॲन न्यूमन यांनी १९७७ मध्ये शाब्दिक उदाहरण सोडवताना मूल कोणत्या पायरीवर अडते हे शोधण्याची एक साधी रीत मांडली. पाच पायऱ्या अशा: उदाहरण वाचता येणे, ते समजणे, कोणती क्रिया करायची ते ठरवणे, ती क्रिया करणे आणि उत्तर योग्य रीतीने लिहिणे. अनेक चुका आकडेमोडीला पोचण्याआधीच झालेल्या असतात, हे त्यांच्या अभ्यासातून पुढे आले. आपल्या वर्गासाठी ही रीत फार उपयोगाची आहे. उत्तर चुकलेल्या मुलाला पुन्हा आकडेमोड करायला न लावता विचारावे: मोठ्याने वाच, काय विचारले आहे ते तुझ्या भाषेत सांग, तू काय करणार, करून दाखव, आता उत्तर वाक्यात लिही. मूल जेथे थांबेल, तेथेच शिकवायचे. दुसऱ्या पायरीवर थांबणाऱ्या मुलाला आणखी वीस गुणाकार देऊन काहीही साधत नाही.

उदाहरणे आपल्या भागातली असावीत. पुस्तकातल्या संख्या तशाच ठेवून केवळ नावे बदलण्यात फारसा अर्थ नाही. प्रसंगच ओळखीचा असावा. लातूरला १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, ती दहा वाघिणींची होती आणि तिच्यात सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. घराघरांत आजही सांगितली जाणारी ही गोष्ट आधी मराठीत सांगावी आणि मग उदाहरण द्यावे: "अ ट्रेन हॅज टेन वॅगन्स. ईच वॅगन कॅरीज फिफ्टी थाउजंड लीटर्स ऑफ वॉटर. हाऊ मच वॉटर डझ द ट्रेन कॅरी?" पहिल्या वाचनात पेन्सिल हातात घेऊ द्यायची नाही, फक्त गोष्ट काय आहे ते सांगायचे. दुसऱ्या वाचनात काय विचारले आहे त्याखाली रेघ. तिसऱ्या वाचनात संख्या आणि त्यांच्याबरोबरचे शब्द, म्हणजे नुसते 'टेन' न म्हणता 'टेन वॅगन्स', नुसते 'फिफ्टी थाउजंड' न म्हणता 'फिफ्टी थाउजंड लीटर्स ईच'. येथेच 'हाऊ मेनी वॅगन्स' आणि 'हाऊ मच वॉटर' यांतला फरक सांगता येतो: वाघिणी मोजता येतात, पाणी मापावे लागते. मग मुलांनीच पुढचा प्रश्न तयार करावा. एका कुटुंबाला दिवसाला दोनशे लिटर पाणी धरले, तर हे पाणी एका दिवसाला किती कुटुंबांना पुरेल? उत्तर अडीच हजार येते, आणि 'टू थाउजंड फाइव्ह हंड्रेड फॅमिलीज' असे ते पूर्ण म्हणवून घ्यावे.

शेतीच्या मापांतून अशी उदाहरणे कितीही निघतात. एका एकरात चाळीस गुंठे, एका क्विंटलमध्ये शंभर किलो हे मुलांना पाठ करावे लागत नाही. 'हाऊ मेनी गुंठाज आर देअर इन टू अँड अ हाफ एकर्स?' हे वाक्य समजले की अडीच एकराचे शंभर गुंठे शेतकऱ्याचे पोर तोंडी सांगते. 'गुंठा' हा शब्द इंग्रजी वाक्यात तसाच ठेवावा. लाख आणि कोटीही सुरुवातीला तसेच ठेवावेत. दहा लाख म्हणजे एक मिलियन, ही ओळख मोठ्या संख्यांचे वाचन पक्के झाल्यावर करून द्यावी, कारण दोन्हीकडे स्वल्पविरामांच्या जागा वेगळ्या असतात.

भूमिती आणि इंग्रजीचा तास

इंग्रजी बोलायला लावण्यासाठी भूमितीइतकी सोयीची जागा नाही, कारण तेथे अर्थ डोळ्यांना दिसतो. दोन मुलांनी पाठीला पाठ लावून बसावे. एकाच्या हातात आकृती, दुसऱ्याच्या हातात कोरा कागद. पहिल्याने सांगायचे: "ड्रॉ अ स्क्वेअर. ड्रॉ अ सर्कल इनसाइड द स्क्वेअर. ड्रॉ अ लाइन फ्रॉम द टॉप टू द बॉटम." शेवटी दोन्ही आकृत्या जुळवून पाहायच्या.

शाळा द्विशिक्षकी असेल, तर गणित आणि इंग्रजी बहुधा एकच व्यक्ती शिकवते, आणि ही अडचण नसून सोय आहे. इंग्रजीच्या तासाला 'टॉलर दॅन', 'हेविअर दॅन' शिकवायचेच असते. ते मोजपट्टी आणि तराजू घेऊन शिकवावे. आज्ञार्थी वाक्ये 'मेजर', 'शेड', 'कम्पेअर', 'चेक' यांवर घ्यावीत. दोन वेगळे शिक्षक असतील, तर आठवड्यातून एकदा दहा मिनिटे बसून पुढच्या घटकाची वाक्ये ठरवावीत.

आपलीच इंग्रजी कच्ची आहे, ही भीती अनेक शिक्षकांना असते आणि ती मनापासून असते. तिच्यावर उपाय म्हणजे थोडी वाक्ये, पण रोज तीच. 'हाऊ डू यू नो?', 'शो मी', 'इज देअर अनदर वे?', 'से इट इन अ फुल सेंटेन्स', 'डू यू ॲग्री?' एवढी वाक्ये वर्षभर वापरली, तरी वर्गाचे वळण बदलते, कारण ही वाक्ये मुलाला बोलते करतात. पाठाची वाक्ये आदल्या दिवशी मोठ्याने म्हणून पाहावीत आणि उच्चाराबद्दल शंका असेल तर पुस्तकातील क्यूआर कोडवरून 'दीक्षा' या सरकारी ऑनलाइन शिक्षण-मंचावरील साहित्य ऐकावे.

चुका आणि गुण

मूल "सना हॅव फाइव्ह मोर दॅन राधा" म्हणाले, तर त्याला थांबवू नये. "येस, सना हॅज फाइव्ह मोर दॅन राधा" असे बरोबर रूप आपण म्हणावे आणि पुढे जावे. गणिताच्या तासाला विचार अडवून व्याकरण दुरुस्त केले, तर मूल दोन्ही बंद करते. इंग्रजी प्रश्नाचे बरोबर उत्तर मराठीत किंवा गोरमाटीत आले, तर ते बरोबरच धरावे आणि मग त्याला इंग्रजी साचा द्यावा. अर्थ उलटवणाऱ्या चुका मात्र सोडू नयेत: 'फ्रॉम'चा क्रम चुकला किंवा 'दॅन'च्या अलीकडची-पलीकडची नावे बदलली, तर वस्तू पुन्हा मांडून ती तेथल्या तेथे दुरुस्त करावी.

घटक चाचणीत गणिताची समज आणि इंग्रजी वेगवेगळी तपासावीत. एकच उदाहरण कधी मराठीत, कधी इंग्रजीत द्यावे. मराठीत सुटले आणि इंग्रजीत अडले, तर अडचण भाषेची आहे हे कळते, दोन्हीकडे अडले तर संबोधाकडे परतावे. प्रत्येक मुलाच्या नावापुढे दोन रकाने ठेवावेत आणि दुसऱ्या रकान्यात गुणांऐवजी त्याला बोलता येणारी वाक्येच लिहावीत. आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला जाऊन उन्हाळ्याच्या तोंडावर परतणाऱ्या मुलांसाठी ही नोंद सर्वांत जास्त कामाची ठरते. अशा मुलाला परतल्यावर लगेच चाचणी देऊ नये. कारखान्यावर उसाचे वजन, उचल, रोजचा हिशेब त्याने जवळून पाहिलेला असतो. तो आधी त्याच्या भाषेत सांगू द्यावा, त्यातूनच दोन उदाहरणे फळ्यावर मांडावीत आणि त्याच्या नोंदीत जेथे वाक्ये थांबली होती तेथून पुढचे वाक्य द्यावे.